पटावर नाव आहे, पोरगी वर्गात नाही

मागच्या अंकात या सदरासाठी एकच विषय दिला होता : ज्या घरांतून, ज्या समाजांतून आजवर फार थोडी मुलं कॉलेजात पोचली, त्या मुलांचं पहिलं वर्ष. ती टिकतात कशी, गळतात कुठं आणि आपण काय करू शकतो. आलेल्या पत्रांतली सहा निवडली आहेत. नाव कुणाचंच छापलेलं नाही. मी २६ वर्षं प्रथम वर्षाला गणित शिकवलं आणि त्यातली शेवटची ९ वर्षं प्रथम वर्षाच्या सगळ्याच मुलांची जबाबदारी माझ्याकडे होती. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. उत्तरं या दोन्ही बाजूंनी दिली आहेत.

मॅडम, मी साठ मुलांच्या वर्गाला शिकवतो. सुरुवातीलाच सांगतो, ‘अडचण आली तर कधीही या.’ तरी पहिल्या चाचणीनंतर दरवर्षी सात-आठ मुलं दिसेनाशी होतात. बहुतेक जण घरातले पहिलेच शिकणारे. त्यांच्यातलं एकही कधी माझ्या दाराशी आलेलं नाही. मी आणखी काय करायला हवं? — एक प्राध्यापक

सर, तुम्ही ते मनापासून म्हणता, याबद्दल मला शंका नाही. पण ‘कधीही या’ हे ऐकणाऱ्याच्या कानावर कसं पडतं, ते सांगते. ज्या घरातली आत्या, काका, मोठा भाऊ कॉलेजात जाऊन आलेत, त्या घरातल्या मुलाला ठाऊक असतं की शिक्षकांना गाठून शंका विचारणं हा शिकण्याचाच भाग आहे. ज्याला हे कुणी सांगितलेलंच नाही, त्याला शिक्षकांची खोली म्हणजे चूक झाल्यावर बोलावणं येण्याची जागा वाटते.

माझ्या पहिल्या चाचणीचा पेपर परत आला तेव्हा वर लाल शाईत गुण होते आणि खाली एकच शब्द होता : ‘भेटा.’ मला वाटलं, आता नाव काढून टाकणार. मी पेपराची चौघडी केली, वहीच्या पुठ्ठ्यात सारली आणि त्या सरांच्या खोलीसमोरून जावं लागू नये म्हणून तीन आठवडे मागच्या जिन्यानं वर्गात गेले. चौथ्या आठवड्यात त्यांच्या तासाला जाणं थांबवलं. मग इतर तासांना जाणंही जड होऊ लागलं, कारण वर्गातली मुलं तीच होती. प्रयोगशाळेत मदतीला एक बाई होत्या. त्यांनी मला एक दिवस त्याच मागच्या जिन्यात अडवलं, काय झालं म्हणून विचारलं, पेपर उघडायला लावला आणि मनगट धरून सरांच्या खोलीत नेलं. सरांचं म्हणणं एवढंच होतं की तिसऱ्या गणिताचं उत्तर चुकलंय, पण रीत चांगली आहे. ती पुढं कशी न्यायची ते दाखवतो. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी त्या बाईंना सुट्टी असती तर मी परत आले नसते, हे मला नक्की माहीत आहे.

तेव्हा येणं मुलांवर सोडू नका. पहिल्या तीन आठवड्यांत साठच्या साठ जणांना प्रत्येकी सात मिनिटं बोलवा. सगळ्यांना, कारण फक्त कच्च्यांना बोलावलंत तर बोलावणं म्हणजेच शिक्का होतो. चिठ्ठीवर वार, वेळ आणि खोली लिहून द्या. साठ गुणिले सात म्हणजे बरोबर सात तास. आठवड्याला दोन तास वीस मिनिटं. पुढच्या सत्रात रिकाम्या बाकांकडे बघत शिकवण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

त्या सात मिनिटांत अभ्यासाचं काही काढू नका. मी तीन गोष्टी विचारायचे. येण्याजाण्यात किती वेळ जातो? कॉलेजव्यतिरिक्त काम करतोस का, आठवड्याला किती तास? आणि या वर्गातल्या कुणाचा फोन नंबर तुझ्याकडे आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या नावापुढं मी वहीत टिंब द्यायचे. पुढं गायब झालेल्यांची नावं वहीत शोधायला जावं, तर बहुतेकांपुढं ते टिंब सापडायचं. गुण तेव्हा लागलेलेही नसायचे. वर्गात एकही ओळखीचा नसलेला मुलगा एक दिवस आजारी पडला की त्याला काल काय झालं हे सांगणारं कुणी नसतं. तो दुसऱ्या दिवशी येतो, काही कळत नाही, तिसऱ्या दिवशी येत नाही.

पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात घेत असाल तर ती तिसऱ्या आठवड्यात आणा. दहाच गुणांची ठेवा. लवकर कळलेलं अपयश सावरता येतं. सहाव्या आठवड्यात कळलेलं अपयश मुलाला निकालासारखं वाटतं. आणि पेपरवर ‘भेटा’ लिहाल तेव्हा कशासाठी तेही लिहा.

आमच्या विभागात कच्च्या मुलांसाठी संध्याकाळी जादा वर्ग असतो. यादी फलकावर लावतो. यंदा २२ नावं होती, येतात चार. सहकारी म्हणतात, या मुलांना शिकायचंच नाही. तुम्हाला काय वाटतं? — एक विभागप्रमुख

‘शिकायचंच नाही’ हे वाक्य १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या गणिताच्या वर्तुळातही वेगवेगळ्या शब्दांत बोललं जात होतं. तिथली कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात मोठ्या प्रमाणावर नापास होत होती. युरी ट्राइसमन तेव्हा तिथं पीएच.डी. करत होते. त्यांनी शिकवणाऱ्यांना कारणं विचारली. चार उत्तरं पुन्हा पुन्हा आली : या मुलांना तळमळ नाही, शाळेतली तयारी कच्ची आहे, घरच्यांना शिक्षणाची किंमत नाही, आणि गरिबी. ट्राइसमन यांनी ही उत्तरं मान्य न करता २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाची मुलं निवडली आणि ती प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात ते त्यांच्यात जाऊन, दिवसचे दिवस पाहिलं.

चारातलं एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलांच्या घरच्यांनी पोराच्या शिक्षणासाठी सगळं पणाला लावलेलं होतं. मुलं तासांना जात होती, गृहपाठ वेळेवर देत होती. शाळेतून चांगले गुण घेऊन आलेलीही नापास होत होती. फरक वेगळ्याच जागी निघाला. ही मुलं अभ्यास एकटी करत. मैत्री एकीकडे, अभ्यास दुसरीकडे. दोन्ही एकत्र आणायचे नाहीत, हेच त्यांना शाळेत यश देऊन गेलं होतं. चिनी वंशाची बरीच मुलं आधी आपापलं सोडवत आणि मग एकत्र बसत. उत्तरं ताडून बघत, एकमेकांची चूक काढत, शिक्षकाला काय अपेक्षित आहे त्याचा अंदाज एकत्र बांधत.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पाच जण बसलेत आणि पाचही जण एकाच गणितावर अडलेत, तर त्यांना कळतं की गणित अवघड आहे. एकटा अडलेला मुलगा मात्र समजतो की आपल्यालाच येत नाही. गणित तेच असतं. एकाला गणिताबद्दल माहिती मिळते, दुसऱ्याला स्वतःबद्दल चुकीची.

ट्राइसमन यांनी मग जादा वर्ग काढलाच नाही. त्यांनी कार्यशाळा काढली आणि मुलांना सांगितलं की इथं नेहमीपेक्षा अवघड गणितं मिळतील, कारण तुम्ही ती करू शकता. गट करून बसवलं. मार्गदर्शक फळ्यावर शिकवत नसे, गटागटांतून फिरत असे. त्या कार्यशाळेतली मुलं कॅल्क्युलस नुसता पास न होता चांगल्या गुणांनी पार करू लागली. १९९२ साली त्यांनी हा सगळा अनुभव लिहून प्रसिद्ध केला आणि पुढं अनेक विद्यापीठांनी ती पद्धत घेतली.

आता तुमच्याकडे या. ती यादी आजच्या आज फलकावरून काढा. त्या २२ जणांपैकी १८ जण शिकायचं नाही म्हणून गैरहजर नाहीत. ज्या खोलीत शिरताना सगळ्यांना दिसतं की हा ‘कच्चा’ आहे, तिथं त्यांना शिरायचं नाही. आणि संध्याकाळची वेळ बदला. लांबून येणारा, कामावर जाणारा, घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारा मुलगा संध्याकाळी थांबूच शकत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी वर्ग आहे नेमके तेच वेळेमुळे गळतात. मी दुपारच्या दोन तासांमधला मोकळा तास धरला होता. सगळ्या वर्गाला बोलावलं, चार-चारचे गट केले, आठवड्याला पाच गणितं दिली. पाचवं असं, की ते मलाही पहिल्या वाचनात सुटलं नव्हतं, आणि ते मी मुलांना सांगितलं. पहिल्या आठवड्यात नऊ जण आले. चौथ्या आठवड्यात शेजारच्या खोलीतून खुर्च्या आणाव्या लागल्या.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. दुसऱ्या वर्षी गट पाडताना एका मुलीला मी अशा तीन मुलांबरोबर बसवलं जी आधीपासून एकमेकांची मित्र होती. वेगळ्या भागातली, वेगळ्या बोलीची ती एकटीच. दोन आठवडे ती वहीत बघून बसली, तिसऱ्या आठवड्यात आली नाही, आणि पुढच्या सत्राला तिनं नोंदणी केली नाही. तिला एकटीला त्या गटात टाकणारी मी होते. त्यानंतर एका गटात कुणी एकटं पडेल अशी मांडणी मी कधी केली नाही. अमेरिकेत १९८९ पासून ‘पॉसी’ नावाची संस्था हेच मोठ्या प्रमाणावर करते : एकाच शहरातली दहाएक मुलं निवडायची, कॉलेज सुरू होण्याआधी काही महिने त्यांना एकत्र भेटवत राहायचं आणि मग सगळ्यांना मिळून एकाच कॉलेजात पाठवायचं. आपल्याला दहा नाही जमली तरी दोन जमतात.

ताई, शाळेत मी नेहमी पहिली यायचे. इथं पहिल्या चाचणीत ५० पैकी १७ मिळाले. बाजूच्या मुलींना सगळं आधीच माहीत असतं. शिकवण्याची भाषा आमच्या घरची नाही, सर बोलतात त्यातलं अर्धंच कळतं. घरी सांगितलं नाहीये. मला वाटतं, मला इथं चुकून घेतलंय. सोडून देऊ का? — प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी

अगं, सगळ्यात आधी हे : सोडायचं की नाही, हे या आठवड्यात ठरवायचं नाही. वाईट गुण हातात असताना असे निर्णय घ्यायचे नसतात.

‘मला चुकून घेतलंय’ हे वाक्य तुला तुझं एकटीचं वाटतंय. मी ते इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की ते सुरू झालं की पुढचे शब्द मी सांगू शकते. यावर चांगलं संशोधनही झालंय. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी प्रथम वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. त्या सगळ्यांना सुरुवातीला वाटलं होतं की आपण इथले नाही, आणि हळूहळू ते वाटणं ओसरलं होतं. मग प्रथम वर्षाच्या मुलांनी स्वतःच्या अनुभवातून, पुढं येणाऱ्या मुलांसाठी त्यावर लिहिलं. सगळं मिळून तासाभराचं काम. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतलं अंतर निम्म्यानं कमी झालेलं दिसलं. २०२३ साली २२ संस्थांमधल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला, आणि त्यातून एक खरी गोष्ट पुढं आली : असं वाचून-लिहून फायदा होतो, पण जिथं मुलांना सामावून घ्यायला खरोखर जागा आणि माणसं आहेत तिथंच. म्हणजे तू एकटीनं मन घट्ट करून सगळं भागत नाही. कॉलेजनंही दार उघडं ठेवायला हवं. ते मी वर तुझ्या शिक्षकांसारख्यांनाच सांगितलंय.

बाजूच्या मुलींना ‘आधीच माहीत’ असतं, हे तू अगदी बरोबर पाहिलंस. फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावू नकोस. त्यांनी हे प्रकरण शाळेत किंवा शिकवणीत एकदा पाहिलेलं आहे. तू पहिल्यांदा बघते आहेस. दुसऱ्यांदा बघणाऱ्याचा वेग नेहमीच जास्त असतो, त्याचा हुशारीशी संबंध नाही. सत्राच्या उत्तरार्धात सगळ्यांनाच नवीन असलेला भाग सुरू होतो. तिथपर्यंत तुला टिकायचंय.

भाषेचं सांगते. उद्या शिकवणार आहेत तो भाग आज रात्री एकदा नुसता वाच. समजायला हवा असं नाही. फक्त नवे शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरव आणि अर्थ तुझ्या घरच्या भाषेत लिही. तासाला ते शब्द कानावर पडले की ओळखीचे वाटतात, आणि मग मधली वाक्यं पकडता येतात. माझी अशी तीन वह्यांची मागची पानं भरली होती. पहिल्या महिन्यात रोज पंधरा शब्द असायचे, सत्राच्या शेवटी दोन-तीन.

आता सरांकडे जायचं. काय बोलायचं ते सुचत नसेल तर हे लिहून पाठव : ‘सर, मी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी. पहिल्या चाचणीत मला ५० पैकी १७ मिळाले. दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात मी कुठं चुकले ते समजून घ्यायचं आहे. या आठवड्यात दहा मिनिटं मिळतील का?’ माफी मागू नकोस, कारणं देऊ नकोस. प्रश्नाचा क्रमांक लिहिलास की समोरच्याला मदत करणं सोपं जातं. पेपर बरोबर ने. पहिल्यांदा जाताना मैत्रीण बरोबर घेतलीस तरी चालेल.

आणखी एक गोष्ट, जी तुला कुणी सांगितली नसेल. ‘सोडणं’ एकाच प्रकारचं नसतं. बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या तारखेपर्यंत एखादा विषय रीतसर कमी करता येतो. सत्राची रजा मागता येते. आणि तिसरा प्रकार म्हणजे न सांगता यायचं बंद करणं. पहिल्या दोन्हींत परत येण्याचा रस्ता राहतो. तिसऱ्यात नापासाचा शेरा, शिष्यवृत्ती बंद होणं, भरलेलं शुल्क बुडणं, असं सगळं एकदम अंगावर येतं, आणि म्हणून मुलं परत यायला धजत नाहीत. तेव्हा काहीही वाटलं तरी तासाला जाणं थांबवू नकोस, आणि कार्यालयात जाऊन त्या तारखा विचारून वहीत लिहून ठेव. माहीत असलेल्या तारखेची भीती कमी असते.

घरी सांग. गुण आधी नको सांगूस हवं तर. ‘इथं अवघड जातंय, पण मी सरांशी बोलणार आहे’ एवढं सांग. दुसऱ्या चाचणीनंतर मला पुन्हा लिही. मी वाट बघते.

आम्ही दोघंही फारसं शिकलेलो नाही. मुलगी कॉलेजात गेली याचा आनंद आहे, पण तिला काय विचारावं तेच कळत नाही. ती फोनवर ‘बरं चाललंय’ एवढंच म्हणते. आम्ही काय मदत करणार? — एक वडील

दादा, तुम्ही पुष्कळ करू शकता. ‘किती गुण पडले’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, आज कुणाबरोबर जेवलीस? वर्गात शेजारी कोण बसतं, तिचं नाव काय? काय शिकवलं, ते मला समजेल असं सांग. शेवटच्या प्रश्नाला ती सांगायला लागली की तिचाच अभ्यास पक्का होतो, आणि तुम्हाला तिच्या आवाजावरून कळतं की गाडी कुठं अडली आहे.

तिच्या परीक्षांच्या आणि अर्जांच्या तारखा घरी भिंतीवर लावा. त्या आठवड्यात घरच्या कामासाठी, समारंभासाठी तिला बोलावू नका. फार मुली घरच्या बोलावण्याला नाही म्हणता येत नाही म्हणून परीक्षा चुकवतात आणि घरच्यांना ते कधी कळतच नाही. आणि तिला एकदा स्पष्ट शब्दांत सांगा की एखाद्या विषयात नापास झालीस तरी आम्ही तुला परत बोलावणार नाही. हे न सांगताही तिला कळत असेल असं धरून चालू नका. वरचं पत्र वाचा. त्या मुलीला तिच्या बाबांचं मन माहीत नाही.

आमच्याकडे पैसा आणि माणसं दोन्ही कमी. प्रथम वर्षाची गळती थांबवायला सगळ्यात आधी काय करावं? — एका छोट्या कॉलेजच्या प्राचार्या

मॅडम, एकच उपाय शोधू नका, कारण मुलांची अडचण एकच नसते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ साली ‘एसॅप’ नावाची योजना काढली. गरीब घरातल्या मुलांना शुल्कातली उरलेली रक्कम, पुस्तकं, प्रवासाचा पास, सोयीचं वेळापत्रक आणि शिकवणी, हे सगळं एकत्र दिलं. प्रत्येकाला एक ठरलेला सल्लागार दिला आणि त्याला नियमित भेटणं सक्तीचं केलं. पासही त्या भेटीगाठींशीच जोडलेला होता. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून हा प्रयोग तपासला गेला. निवडलेली मुलं शाळेतला काही भाग पुन्हा शिकावा लागेल अशीच होती. तीन वर्षांत योजनेतली ४० टक्के मुलं तिथल्या दोन वर्षांच्या पदवीपर्यंत पोचली, बाहेरची २२ टक्के. मग ओहायोतल्या तीन कॉलेजांत तेच केलं, तिथं ३५ आणि १९ टक्के निघाले. दरडोई खर्च जास्त झाला, पण न्यूयॉर्कमध्ये एका पदवीमागचा खर्च मोजला तर तो उलट कमी निघाला, कारण अर्ध्यात गळणाऱ्यांवरचा वाया जाणारा खर्च वाचला.

तुम्हाला एवढं सगळं जमणार नाही, हे मला कळतं. पण त्यातली दोन कामं जवळजवळ फुकट आहेत. पहिलं : प्रत्येक मुलाला नावानिशी एक माणूस. शिक्षक, ग्रंथपाल, क्रीडाशिक्षक, कुणीही चालेल, पंधरा मुलांमागं एक. दुसरं : हजेरीचा पट दर शुक्रवारी बघणं. महिन्याच्या शेवटी नाही. ज्या मुलाचे सलग तीन तास चुकले, त्याला त्याच्या माणसानं त्याच दिवशी फोन करायचा. ‘गैरहजर का?’ असं विचारायचं नाही. ‘तू दिसली नाहीस म्हणून फोन केला. बरी आहेस ना?’ असं विचारायचं. आम्ही हे सुरू केलं तेव्हा पहिल्याच महिन्यात कळलं, एकाचा पास संपला होता, एकीची आई दवाखान्यात होती, एकाला वर्गाची खोली बदललेलीच माहीत नव्हती. त्याचं नाव आम्ही पटावरून कमी करणार होतो.

थोडे पैसे उभे करता आले तर ते अगदी छोट्या अडचणींसाठी ठेवा. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात २०११ पासून असं करतात : थोडी रक्कम भरायची राहिली म्हणून ज्या मुलांचं नाव कमी होणार, त्यांना विद्यापीठ स्वतः शोधतं आणि ती रक्कम परस्पर त्यांच्या खात्यावर जमा करतं. अर्जाची वाट बघत नाही. मला यातला ‘स्वतः शोधतं’ हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गरजू मुलांकडून अर्ज मागवला की सर्वांत जास्त गरज असलेला मुलगाच अर्ज करत नाही. त्याला एक तर माहीत नसतं, किंवा लाज वाटते.

मी कॉलेजच्या कार्यालयात खिडकीवर बसतो. शिकवत नाही. पण तुमच्या विषयात माझ्यासारख्याच्या हातात काही असतं का? — एक लिपिक

हे पत्र शेवटी ठेवलं, कारण सगळ्यांत जास्त वेळा मी हेच वाचलं. साहेब, मला जिन्यात अडवणाऱ्या बाईही शिकवत नव्हत्या.

मुलाचा कॉलेजशी पहिला संबंध तुमच्या खिडकीवर येतो. तिथं तुम्ही म्हणता, ‘बोनाफाइड जोडा, साक्षांकित प्रत आणा, अंतर्गत सूचना फलकावर बघा.’ समोरच्याला तिन्ही शब्द नवे असतात, मागं रांग असते आणि तो ‘हो’ म्हणून निघून जातो. अशा शब्दांची एक यादी करा, प्रत्येकापुढं साध्या भाषेत अर्थ लिहा, तो कागद कुठं मिळतो तेही लिहा, आणि खिडकीच्या काचेवर वाचता येईल अशा अक्षरांत लावा. ही यादी तुमच्याइतकी चांगली प्राचार्यही करू शकणार नाहीत, कारण मुलं कुठं अडखळतात ते तुम्ही रोज बघता.

अर्ज परत करताना काय राहिलंय ते पेन्सिलीनं गोल करून द्या. शेवटच्या तारखेला कार्यालय बंद व्हायच्या आधी शिष्यवृत्तीची यादी एकदा बघा, आणि ज्यांचे अर्ज आले नाहीत त्यांची नावं त्यांच्या शिक्षकांना कळवा. आणि एखादं पोर रांगेत उभं राहून, तुमच्यापर्यंत येऊन, काहीच न विचारता मागं फिरलं, तर त्याला हाक मारून परत बोलवा.